अंडे, अळी, कोसा : जीवनचक्राचा पाठ हाताने शिकवताना

मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातील परसवाडा हा गोंड आणि बैगा वस्तीचा तालुका. ब्रिटिश काळात हा जिल्हा नागपूर विभागात मोडत असे. मराठीशी त्याचा संबंध जुनाच. या भागातील मुलांना खुडूक बसलेल्या कोंबडीचे किंवा ऐनाच्या फांदीला लटकणाऱ्या कोशाचे अप्रूप नसते. शाळेत मात्र हाच विषय चार चित्रे आणि चार बाण यांत आटोपतो. चित्रातल्या बाणाला वेळ लागत नाही आणि चित्रातली अळी कधी मरत नाही. जीवनचक्र प्रत्यक्ष पाळून शिकवण्याचे महत्त्व नेमके या दोन गोष्टींत आहे.

याच राज्यात त्याचा एक मोठा प्रयोग झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रुरल सेंटर यांनी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्याच्या पुस्तकांत उत्तरे छापलेली नसत; निरीक्षण करून ती मुलांनीच शोधायची असत. राज्य शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला, तरी त्याची पद्धत देशभरातील शिक्षकांपर्यंत पोहोचलेली होती.

कोंबडीचे अंडे हे या शिक्षणाचे सर्वांत सोपे साधन वाटते, पण तेथेच पहिली चूक होते. दुकानातील अंडी बहुधा फलित नसतात, कारण अंड्यांसाठी चालणाऱ्या कुक्कुटशाळांत कोंबडा ठेवत नाहीत. गावठी कोंबड्यांमध्ये कोंबडा असेल, तरच त्या अंड्यांतून पिल्लू निघते. उबवण्यास २१ दिवस लागतात. यंत्र वापरल्यास तापमान साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते आणि शेवटचे तीन दिवस वगळता अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात. खुडूक कोंबडी हे सारे विनातक्रार करते, आणि वीज गेल्यास तिचे काही अडत नाही. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे विजेरी धरली, की रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. ॲरिस्टॉटलने रोज एक अंडे फोडून हीच वाढ नोंदवली होती; विजेरीमुळे आता अंडे फोडावे लागत नाही.

काही अंडी उबतच नाहीत, काही पिल्ले कवचातच दगावतात. शिक्षकाने ती गुपचूप उचलून फेकणे हा पाठातील सर्वांत मोठा तोटा होय. किती अंडी ठेवली आणि किती पिल्ले निघाली, हा हिशेब मुलांच्या वहीत राहिला पाहिजे. दुसरा प्रश्न पिल्लांच्या भवितव्याचा. त्यांतील साधारण निम्मे कोंबडे निघतात. परसवाड्यात पिल्लू ज्या घरातून अंडे आले त्याच अंगणात परत जाते. पणजी किंवा मडगावच्या सदनिकेत ते कोठे जाणार? त्याचे घर आधी ठरलेले नसेल, तर अंडी बसवूच नयेत.

कोशाची गोष्ट याहून बिकट आहे. टसर रेशीम देणारी अळी ऐन आणि अर्जुनाची पाने खाते, चार वेळा कात टाकते आणि झाडावरच कोसा विणते. भंडारा, गडचिरोली भागात ढिवर समाजाने हे पालन पिढ्यान्‌पिढ्या केले. पक्षी, मुंग्या आणि गांधीलमाशा यांपासून अळ्यांची राखण करणे हेच त्यांतील खरे काम. पुढे सूत काढण्यासाठी कोसा उकळतात आणि आतला जीव मरतो. मूल हे विचारणारच, आणि विचारल्यावर खरे सांगावे.

गोव्यात घरच्या घरी करण्याजोगा प्रयोग लिंबू किंवा कढीपत्त्यावरील फुलपाखराचा. अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटच्या कातीनंतर हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचे शिंगट काढते. ताजी पाने रोज मिळाली, तर अंड्यापासून पाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात पुरा होतो. बाटली घट्ट बंद करू नये, आणि कोशातून निघालेल्या फुलपाखराला पंख सुकेपर्यंत लटकण्यास जागा असावी. फोंड्याजवळच्या प्रियोळ येथील फुलपाखरू उद्यानात ही खाद्यझाडे ओळखता येतात.

बेडूकमासे मात्र घरी आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘प्राणी’ या संज्ञेत अंडी आणि पिल्लेही येतात. पावसाळ्यात बेडूक पकडणाऱ्यांविरुद्ध गोव्यात याच कायद्याखाली कारवाई होते. शेताच्या कडेच्या डबक्यात त्यांचे मागचे पाय आधी फुटतात, पुढचे नंतर. दर चार दिवसांनी त्याच डबक्यापाशी जाऊन वहीत चित्र काढले, तर हे सारे तेथेच दिसते.