पाऊण जीबी रॅम कुणी खाल्ली?

आमच्या निमोण्याच्या पट्ट्यात चोरीचे आळ कशाकशावरून आलेत याची यादी मोठी आहे. पाण्याच्या पाळीवरून, मोटारीच्या केबलवरून, उसाच्या काट्यावरून. पण संगणकाच्या रॅमवरून एका गुरुजींवर आळ येताना मी आयुष्यात एकदाच पाहिला. त्या बैठकीत मी होतो, म्हणून लिहितोय. शाळा कुठली ते सांगणार नाही, विचारूही नका.

गोष्ट २०१२-१३ ची. शाळेत दोन जुने संगणक. शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलांच्या याद्या, पगाराची बिलं, सगळं हळूहळू ऑनलाइन व्हायला लागलेलं आणि मशीन मात्र बैलगाडीच्या चालीने चाललेलं. एक जीबी रॅमवर दुसरं काय होणार! गुरुजींनी गावात शब्द टाकला, लोकवर्गणी जमली, आणि शिरूरहून (जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात) दोन दोन जीबीच्या दोन पट्ट्या आणून एका संगणकात बसवल्या. बिल चार जीबीचं.

पुढच्या बैठकीत समितीतल्या एका सदस्याचा मुलगा आला. एमएस-सीआयटी झालेला, हुशार पोरगं. त्याने माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडली आणि वाचून दाखवलं, "३.२४ जीबी."

खोलीत शांतता. मग एक आबा म्हणाले, "गुरुजी, बिल चारचं आन् माल सव्वातीनचा?"

गुरुजी काही बोललेच नाहीत. बत्तीस वर्षं नोकरी झालेला माणूस. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले की फरकाचे पैसे मी माझ्या पगारातून भरतो, पण हा विषय इथंच मिटवा. हे ऐकून काहींची खात्रीच पटली. चोरी केली नसती तर पैसे कशाला भरले असते? आपल्याकडे असंच असतं. भरले तरी चोर, नाही भरले तरी चोर.

मी तेव्हा थोडंफार हार्डवेअरचं काम करत होतो. म्हटलं थांबा. कॅबिनेट उघडलं. आधी रबराने पट्ट्यांचे सोनेरी दात घासले, कारण धूळ बसून पट्टी अर्धवट टेकते आणि अख्खी पट्टीच दिसेनाशी होते, हा खेड्यातला नेहमीचा आजार. फरक नाही. मग एक पट्टी काढली. एकटीवर मशीन चालू केलं तर जवळपास पूर्ण दोन जीबी. ती काढून दुसरी लावली, तिचेही दोन. दोन्ही एकदम लावल्या की पुन्हा ३.२४!

आता आबांचाच प्रश्न बदलला. "आरं, मंग दोन आन् दोन चार का व्हईनात?"

त्या दिवशी मी जे तोडकंमोडकं सांगितलं ते आज जरा नीट सांगतो.

आपल्याकडे जमीन शिवारात असणं वेगळं आणि सातबाऱ्यावर असणं वेगळं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. १९४७ चा तुकडेबंदी आणि जमीन एकत्रीकरणाचा कायदा आला, पुढे गावोगाव सर्वे नंबर जाऊन गट नंबर पडले. आता समजा सरकारने ठरवलं असतं की गट नंबर चार आकडीच असेल, ९९९९ च्या पुढे नाही. आणि वर असंही की रस्ते, ओढे, गायरान, स्मशानभूमी यांनाही याच यादीतले, आणि तेही शेवटचे, नंबर द्यायचे. मग गावात जमीन जास्त निघाली तर काय होईल? जमीन तिथेच आहे, वाफसा धरते, पीकही येईल. पण तिला नंबर नाही. नंबर नाही म्हणून सातबारा नाही. तलाठ्याच्या लेखी ती नाहीच.

रॅमचंही तसंच. रॅममधल्या प्रत्येक बाइटला एक नंबर लागतो. प्रोसेसर नुसतं 'ती माहिती आण' म्हणत नाही, 'अमुक नंबरची आण' म्हणतो. आणि हा नंबर किती आकडी असू शकतो हे मशीन बनवतानाच ठरलेलं असतं.

याचा इतिहास मोठा गमतीचा आहे, कारण हेच भांडण दर दहा-वीस वर्षांनी नव्याने झालंय.

१९७८ साली इंटेलने ८०८६ प्रोसेसर काढला. नंबर सांगायला त्याच्याकडे २० तारा. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक, म्हणजे एकूण नंबर १०,४८,५७६. एक एमबी. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पीसी बाजारात आणला, त्यात याच घरातला ८०८८ होता, त्याच्याही ताराही वीसच. त्या एक एमबीतले खालचे ६४० केबी आयबीएमने प्रोग्रॅमसाठी सोडले आणि वरचे ३८४ केबी पडदा, जोडकार्डं आणि मशीन सुरू करणारी बायोसची चिप यांच्यासाठी राखून ठेवले. गायरान वरच्या अंगाला, ते तिथूनच सुरू झालं.

वरच्याच अंगाला का? त्यालाही कारण आहे. हा प्रोसेसर जागा झाला की पहिला हुकूम शोधायला सरळ यादीच्या शेवटाकडे जातो, शेवटच्या नंबराच्या सोळा घरं अलीकडे. म्हणून बायोसची चिप तिथे बसवावीच लागली, आणि तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही तिथेच वस्ती केली.

तेव्हा ६४० केबी म्हणजे चैन वाटायची. चार वर्षांत ती पुरेना. मोठमोठे हिशोबाचे तक्ते करणाऱ्या लोकांना जागा हवी होती. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून एक तोडगा काढला. वरच्या राखीव भागात ६४ केबीची एक खिडकी ठेवायची आणि तिच्यातून जादा रॅमचे तुकडे आळीपाळीने दाखवायचे. एका बैलजोडीने पाच जणांची शेती करावी तसं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आत बसवून ज्या डॉसच्या मशिनांवर आपली देवनागरी दिसायला लागली, ती याच जातकुळीची. मला त्या काळाचं फार कौतुक वाटतं. इतक्या थोड्या जागेत माणसांनी कामं उरकली.

मध्ये ८०२८६ आला, २४ तारांचा, १६ एमबीचा. आणि १९८५ मध्येच ८०३८६ आला, ३२ तारांचा. नंबर झाले ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे चार जीबी. ज्या काळात साध्या पीसीत एक एमबीसुद्धा नसायची त्या काळात चार जीबीची मर्यादा म्हणजे आमच्या ओढ्याला उजनीची भिंत. कुणाला वाटलं असेल की ही कधी भरेल?

भरली. साधारण वीस वर्षं लागली. आणि गायरानही वाढत गेलं होतं. आता वरच्या टोकाला बायोससोबत ग्राफिक्सची खिडकी आली, नेटवर्क आलं, यूएसबी आलं, पीसीआय एक्सप्रेसची व्यवस्था आली. काहींची मागणी एकेका वेळी २५६ एमबी नंबरांची. लक्षात घ्या, ही मंडळी रॅम वापरत नाहीत. ती फक्त नंबर अडवतात. पण अडवलेल्या नंबरांखाली जी रॅम आली असती ती बिनसातबाऱ्याची होते. आमच्या मशिनात हा हिशोब बरोबर पाऊण जीबीवर आला.

म्हणून एक पट्टी असताना काहीच बिघडत नव्हतं. दोन जीबी खालच्या नंबरांत आरामात मावतात, गायरानापर्यंत पोचतच नाहीत.

इथपर्यंत सांगितल्यावर पोरगं म्हणालं, "दादा, मग ६४ बिटचं विंडोज टाकू ना, सगळी दिसेल." शहाणा सल्ला, इंटरनेटवर तेव्हा सगळे हाच द्यायचे. पण अर्धाच खरा. आमच्या मशिनाचा बोर्ड इंटेलच्या ९४५ चिपसेटचा होता, २००५ च्या पिढीतला. प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी त्या चिपसेटलाच चार जीबीच्या पुढचा नंबर माहीत नाही. तलाठी कितीही शिकलेला आणा, वहीतच पुढची पानं नाहीत. पुढच्या वर्षी आलेल्या ९६५ चिपसेटपासून गायरानाखाली गेलेली रॅम उचलून तिला चार जीबीच्या वरचे नंबर देता यायला लागले, आणि तिथे मात्र ६४ बिटचं विंडोज उपयोगी पडतं. त्यामुळे जुन्या मशिनात रॅम टाकायची तर आधी बोर्डाचं नाव पाहा, विंडोज नंतर. त्याच्याही आधीच्या बोर्डांत तर आणखी वेगळा घोळ होता. २५६ एमबीची पट्टी लावली की निम्मीच, १२८ दिसायची, कारण पट्टीवरच्या दाट चिपा त्या बोर्डाला वाचताच यायच्या नाहीत.

आणि एक गोष्ट राहिली, जी मला आजही खटकते. ३२ बिटमध्ये चार जीबीच्या वर जाताच येत नव्हतं असं नाही. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसरला ३६ बिटांचे नंबर, म्हणजे ६४ जीबीपर्यंत, सांगायची सोय होती. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरच्या महागड्या आवृत्त्या ३२ बिटमध्येच ती सोय वापरत होत्या. घरगुती विंडोजला मात्र चार जीबीवर कुलूप. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रुसिनोविच यांनी कारण लिहिलं, की साध्या पीसीतल्या कार्डांचे ड्रायव्हर मोठे नंबर आले की गडबडायचे आणि अख्खं मशीन बसायचं, म्हणून ही मर्यादा घातली. कारण पटण्यासारखं आहे. पण गिऱ्हाइकाला हे दुकानात कुणी सांगितलं? एक्सपी नुसतं ३.२४ म्हणून मोकळं व्हायचं. व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून बसवलेली रॅम पूर्ण दिसू लागली, आणि विंडोज ७ मध्ये बसवलेली किती आणि वापरता येण्याजोगी किती, असे दोन आकडे शेजारी आले. हाच दुसरा आकडा एक्सपीच्या खिडकीत असता तर आमच्या गुरुजींची ती संध्याकाळ तशी गेली नसती.

आता शेवटचं. बैठकीत मार्ग काय काढला तो सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. चारातली एक दोन जीबीची पट्टी काढली आणि त्या जागी आधीची एक जीबीची लावली. तीन जीबी झाली, आणि जवळजवळ सगळीच्या सगळी दिसली. काढलेली पट्टी शाळेच्या दुसऱ्या संगणकात लावली. तिथेही दोन पूर्ण. वर्गणीचा एक बाइट वाया गेला नाही.

आबा म्हणाले, "गुरुजी, मनावर घेऊ नका." गुरुजी हसले, पण फारसे नाही. मग कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर काढलं, 'रॅम ४ जीबी' ही ओळ तांबड्या शाईने खोडली आणि लिहिलं: रॅम २ जीबी, नग २, दोन संगणकांत प्रत्येकी १. खाली सही केली. आणि रजिस्टर त्या पोराकडे सरकवलं, म्हणाले, "तपासणारा म्हणून तुझी कर."