प्राध्यापक देवधर आणि बिनदरबारी महाराष्ट्र

रणजी करंडकाच्या प्रारंभकाळात नवानगर आणि बडोदा यांसारख्या संघांच्या पाठीशी संस्थानांचे खजिने उभे होते. गुणी खेळाडू हेरावा, त्याला लष्करात वा दरबारात हुद्दा द्यावा आणि त्याच्या खेळाने संस्थानाचा लौकिक वाढवावा, असा तेथील शिरस्ता होता. महाराष्ट्राच्या संघाला असा आश्रयदाता लाभला नव्हता. त्याचे कर्णधारपद सांभाळत होते ते पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवून प्रपंच चालविणारे दिनकर बळवंत देवधर.

१८९२ साली जन्मलेल्या देवधरांनी १९११ पासून तीन तपांहून अधिक काळ प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळून काढले, आणि तरीही अधिकृत कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. १९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत अखिल हिंदी संघातर्फे त्यांनी १४८ धावा काढल्या, तेव्हा हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा मिळायला अजून साडेपाच वर्षे होती; आणि १९३२ साली लॉर्ड्सवर तो दिवस उगवला, तेव्हा चाळिशी गाठलेले देवधर संघाबाहेर होते. वयाची ही सबब मला कधीच पटलेली नाही.

कारण त्यांचा खरा पराक्रम त्यानंतरचा आहे. १९३९-४० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक प्रथमच जिंकला. त्याच हंगामात विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या आणि पुढे तेच हजारे बडोद्याच्या पदरी गेले. दरबाराची ओढ ती अशी. देवधर मात्र पुण्यातच राहिले, आणि पुढच्या वर्षी करंडकही तेथेच राहिला. त्या १९४०-४१ च्या हंगामातील पुण्याच्या सामन्याचा धावफलक आजही डोळे विस्फारून पाहावा असा आहे: महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. मुंबईकडून रांगणेकरांच्या २०२ धावा, आणि महाराष्ट्राकडून, पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कर्णधाराच्या २४६. दोन्ही बाजूंनी मिळून १३२५ धावा झाल्या आणि निकाल लागला तो पहिल्या डावातील अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर. ज्या वयात माणसे निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतात, त्या वयात, मुलाच्या वयाच्या गोलंदाजांसमोर तासन्‌तास पाय रोवून उभे राहायचे आणि मग तितकाच काळ उन्हात क्षेत्ररक्षणाची सूत्रे हलवायची, ही तपश्चर्या केवळ छंदापोटी होते. तिला हुद्द्याचे किंवा तनख्याचे आमिष पुरे पडत नाही.

पुढे १९४४-४५ च्या हंगामात, ज्यांच्या नावाने हा करंडक खेळला जातो त्या रणजितसिंहांच्याच नवानगर संस्थानाचा संघ पुण्यात महाराष्ट्रासमोर उभा राहिला. देवधरांनी दोन्ही डावांत शतके काढली, १०५ आणि १४१. वयाची बावन्न वर्षे त्यांनी तेव्हा पुरी केली होती.