पारदर्शक मुठीची कुळकथा

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे जे कारखाने अहोरात्र चालतात, त्यांच्या देखभाल खात्यातील फिटर व वायरमन मंडळी ज्या एका जिनसाला सर्वाधिक राबवतात आणि ज्याची दखल सर्वांत कमी घेतात, तो जिन्नस म्हणजे पिवळ्या वा हिरव्या, आरपार दिसणाऱ्या, पन्हळीदार मुठीचा जुना पेचकस होय. मऊ रबरी आवरणाचे, हाताला सुखावणारे नवे पेचकस बोईसरच्या बाजारात मुबलक मिळत असताही सरावलीहून पाळीवर निघालेल्या कामगाराच्या पिशवीतील आपली जागा त्याने सोडलेली नाही. आणि ही चिकाटी त्याच्या गुणांची किती व आपल्या सवयीची किती, याचा निवाडा करायचा तर त्याचे कूळ तपासणे प्राप्त आहे.

पेचकस स्वतः पुरातनच. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका जर्मन हस्तलिखितात, जे पुढे वोल्फेगच्या गढीत जतन झाले, त्याचे चित्र आढळते. मूठ मात्र शतकानुशतके लाकडाचीच राहिली. लाकूड हाताला प्रेमळ खरे, पण उन्हाळ्यात ते आकसे, मुठीचे धातूचे कडे सैल होई, पाते मुठीतल्या मुठीत फिरू लागे. तेल प्यायले की ते निसरडे होई, आणि कारखान्यांत वीज आल्यानंतर तर ओलसर लाकूड व त्यातून आरपार गेलेली रिव्हेट ही जोडी जिवावर बेतणारी ठरू लागली.

लाकडाची जागा ज्या द्रव्याने घेतली, त्याचा जन्म अवजारांसाठी झालेला नव्हता. १८६५ साली पॉल शुत्झेनबर्जे या फ्रेंच रसायनज्ञाने सेल्युलोजचा ॲसिटिक अनहायड्राइडशी संयोग घडवून सेल्युलोज ॲसिटेट सिद्ध केले, परंतु त्याचा उपयोग काय हे ठरायला बराच काळ गेला. तोपर्यंत सेल्युलोजच्या नायट्रेटपासून केलेल्या सेल्युलॉइडचे राज्य होते. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच नायट्रेटच्या फितीवर उतरला, आणि ही फीत किती ज्वालाग्राही असते याचा दाखला २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या चित्रपटांच्या कोठाराला लागलेल्या आगीने पुन्हा एकदा दिला. अग्नीच्या या भयापोटीच मंद जळणाऱ्या ॲसिटेटकडे उद्योजकांचे लक्ष वळले. पहिल्या महायुद्धात विमानांच्या पंखांवरील कापड ताठ करण्यासाठी त्याचा लेप वापरला गेला. आणि आर्थर आयशेनग्र्यून या जर्मन रसायनज्ञाने त्याची पूड तापवून साच्यात दाबून भरण्याची युक्ती विकसित केली. याच आयशेनग्र्यूनला, तो ज्यू म्हणून, १९४४ मध्ये नाझी हुकूमतीने तेरेझीनच्या छावणीत डांबले.

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील अवजार कारखानदारांनी हे द्रव्य मुठीसाठी पत्करले. त्याचा भरीव दांडा काढायचा, त्यावर पन्हळी कोरायच्या, मधोमध भोक पाडायचे, आणि पात्याच्या मागच्या टोकाला ठोकून काढलेले पंख त्यात जोराने दाबून बसवायचे, ही रीत इतकी चोख ठरली की मूठ पारदर्शक असल्याने आतली पंखांची पकड गिऱ्हाइकाला दुकानातच दिसे. आणखी मौज अशी, की या सेल्युलोजचा कच्चा माल कापसाच्या सरकीवरील तंतू किंवा लाकडाचा लगदा असल्यामुळे मुठीतून हद्दपार झालेले लाकूड वेश पालटून पुन्हा तिथेच येऊन बसले!

आपल्याकडे १९६९ मध्ये, म्हणजे तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले त्याच वर्षी, नाशिकच्या तापडिया कारखान्याने स्वीडिश तांत्रिक साहाय्याने हातअवजारांचे उत्पादन आरंभले, आणि अशी अवजारे देशभर घराघरांत पोहोचली.

गुणांच्या बाजूला पहिली नोंद कणखरपणाची. मुठीवर हातोडा मारू नये असे सर्व जाणकार बजावतात आणि सर्व फिटर मारतात. ही मूठ तो अपराध बहुधा निमूट सोसते. तेल, ग्रीस, रॉकेल यांचा तिच्यावर परिणाम होत नाही, चिंधीने पुसले की ती स्वच्छ. उलट मऊ आवरणाच्या मुठी काही वर्षांच्या उष्म्याने आणि तेलाने स्वतःच चिकट होतात, ही माझ्या मते त्यांच्या बाजूची सर्वांत लंगडी गोष्ट. मात्र ग्रीष्मात, समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेत तळहात घामेजला की ही गुळगुळीत मूठ फिरते, आणि घट्ट बसलेला स्क्रू सोडवताना पन्हळींच्या कडा हातात रुततात. ती विजेपासून रक्षण करते हा समजही अर्धवट आहे: दांडी उघडी असेल तर मूठ कितीही निर्दोष असून उपयोग नाही, आणि चालू वीजवाहिनीवर काम करायचे तर हजार व्होल्टच्या कसोटीला उतरलेला, आवरणयुक्त दांडीचाच पेचकस हवा.

पण तारापूरच्या संदर्भात तिचा खरा शत्रू निराळाच. जी मूठ रॉकेलला दाद देत नाही ती ॲसिटोनमध्ये विरघळते, आणि औषधांच्या कारखान्यांत ॲसिटोन हे नेहमीच्या वापरातले द्रावक. त्याने भिजलेल्या चिंधीने मूठ पुसली की तिचा पृष्ठभाग मऊ पडून चिंधीचे धागे तिला कायमचे चिकटतात.

दुसरा दोष जन्मजात. हवेतील बाष्पाने ॲसिटेटमधून ॲसिटिक आम्ल हळूहळू सुटते, आणि सुटलेले आम्ल पुढच्या विघटनाला वेग देते. म्हणून जुन्या चित्रफितींना आणि जुन्या पेचकसांना शिरक्याचा सारखाच वास येतो. ज्या मुठीत ब्युटिरेटही मिसळलेले असते तिला तर खवट लोण्याचा दर्प सुटतो, आणि तिच्यावर धरणारी पांढरी पूड बुरशी नसून मुठीतूनच बाहेर आलेल्या द्रव्यांचा थर असतो. साबण आणि कोमट पाण्याने ती निघते, काही काळाने पुन्हा येते. पावसाळा आला की चांगली अवजारे गच्च झाकणाच्या पेटीत कुलूपबंद करण्याचा भांडारपालांचा जो शिरस्ता आहे तो पोलादाच्या पात्याला गंजापासून वाचवतो, परंतु कोंडलेले आम्ल मुठीला आतून खात राहते. तेव्हा पात्याला तेलाचा हात द्यावा आणि पेटीचे झाकण किलकिले ठेवावे, हा मधला मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.