प्रतियोगी सहकार पक्ष: एका तारेचा वंश

डिसेंबर १९१९. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांना सम्राटांनी मान्यता दिल्याची बातमी लोकमान्य टिळकांना अमृतसर काँग्रेसला जाताना आगगाडीतच कळली. वाटेतूनच त्यांनी आभाराची तार केली आणि तिच्यात आपले धोरणही सांगून टाकले: प्रतियोगी सहकारिता. मिळेल ते पदरात पाडून घ्यायचे, उरलेल्यासाठी भांडायचे. सरकार पुढे आले तर आपण पुढे व्हायचे, ते अडले तर आपणही अडवायचे. पुढच्याच ऑगस्टमध्ये टिळक गेले, असहकार सुरू झाला आणि हे धोरण मागे पडले.

ते पुन्हा वर आले मध्यप्रांत-वऱ्हाडात. १९२३ मध्ये चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंच्या स्वराज्य पक्षाने कौन्सिलात शिरून अडवणूक करायचे ठरवले. नागपूरच्या कौन्सिलात या पक्षाचे बहुमत होते, त्यामुळे तिथे द्विदल राज्यकारभार, म्हणजे काही खाती मंत्र्यांकडे आणि बाकीची गव्हर्नरकडे अशी वाटणी, खरोखरच बंद पडला. पण मंत्री नाहीत म्हटल्यावर त्यांच्याकडची सोपीव खातीही गव्हर्नरच्या हाती गेली! वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांना हे सलत होते. अखेर ऑक्टोबर १९२५ मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष, स्वराज्य पक्षाचेच श्रीपाद बळवंत तांबे, यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली.

मोतीलाल खवळले. त्यावर स्वराज्य पक्षातल्याच न. चिं. केळकर आणि मु. रा. जयकरांच्या बाजूचा सवाल बिनतोड होता. विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष होतात, खुद्द मोतीलाल सरकारच्या स्कीन कमिटीवर बसतात, मग तांब्यांनीच काय पाप केले? केळकर, जयकर, डॉ. मुंजे यांनी स्वराज्य पक्षाच्या तिकिटावर मिळालेल्या जागा सोडल्या. त्यांना खुर्चीचे लोभी म्हणणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते.

फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला नवा प्रतियोगी सहकार पक्ष उभा राहिला. एप्रिलमध्ये साबरमतीला स्वराज्य पक्षाशी समेट झाला, पण महिनाभरातच मोडला. मंत्र्यांना किती सत्ता मिळाली म्हणजे सरकारने प्रतिसाद दिला असे समजायचे, यावरच दोन्ही बाजूंचे जमेना. नोव्हेंबरच्या निवडणुकीत या पक्षाला मुंबई इलाख्यात आणि मध्यप्रांतात काही जागा मिळाल्या, बाहेर मात्र त्याला फारसा थारा मिळाला नाही. केळकर-मुंजे हिंदुमहासभेचेही पुढारी होते. त्यामुळे पक्षाचे दार अनेकांना बंद झाले, आणि ही त्याची खरी उणीव होती.

सायमन कमिशनवर बहुतेक प्रमुख पक्षांनी बहिष्कार घातला, तेव्हा वेगळ्या चुलीचे प्रयोजन सरले. १९२८ च्या नेहरू अहवालावर मोतीलालांबरोबर यवतमाळच्या बापूजी अण्यांचीही सही आहे. हेच प्रतियोगी सहकारवादी अणे १९३० साली पुसदच्या जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेले. आणि सत्तापदे स्वीकारण्याच्या याच वाटेने जुलै १९३७ मध्ये मुंबईत बाळासाहेब खेरांनी, नागपुरात डॉ. ना. भा. खऱ्यांनी मंत्रिमंडळे बनवली, ती काँग्रेसच्याच संमतीने.