हौद्याची गाडी : पिकअपची कुळकथा

पिकअप कारखान्याच्या आधी शेतकऱ्यांनी बनवली. १९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ अमेरिकेच्या बाजारात आली आणि काही वर्षांतच खेड्यांतले लोक तिचा मागचा भाग काढून तिथे लाकडी खोकी बसवू लागले. आठवडाभर पोती आणि दुधाचे कॅन वाहायचे आणि रविवारी त्याच गाडीतून चर्चला जायचे. काही जण मागचे चाक जॅकवर उचलून त्यावर पट्टा चढवत आणि लाकूड कापायची करवत चालवत.

ही गरज ओळखून फोर्डने १९१७ साली एक टन माल वाहणारी ‘मॉडेल टीटी’ आणली. पण कंपनी द्यायची ती नुसती चासी. हौदा बाहेरून बांधून घ्यावा लागे. अखेर २५ एप्रिल १९२५ रोजी तयार हौद्याची ‘मॉडेल टी’ २८१ डॉलरला मिळू लागली. ५६ इंच लांबीचा पोलादी हौदा, मागे उघडणारा फाळका, कडेला खुंट रोवायची सोय आणि मागच्या चाकांवर भक्कम पाटे. शंभर वर्षांनंतरही पिकअपची ठेवण बरीचशी हीच आहे.

या गाडीत बिघडण्यासारखे फार काही नव्हते. पेट्रोलची टाकी सीटखाली असे आणि पेट्रोल उतारानेच इंजिनात जाई, त्यामुळे पंपाची गरज नव्हती. पेट्रोल किती उरले ते दाखवणारा काटाही नव्हता. सीटची गादी उचलायची, टाकीचे झाकण काढायचे, आत लाकडी पट्टी बुडवायची आणि ती कुठपर्यंत ओली झाली ते पाहायचे. टाकी रिकामी होत आली की उभ्या चढावर इंजिनाला पेट्रोल मिळत नसे. मग चालक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढत. गैरसोय होतीच, पण तिचे कारणही मालकाला कळत होते आणि उपायही. जुन्या पिकअपबद्दलच्या मायेचे मूळ इथे आहे.

१९४८ साली फोर्डची एफ-मालिका आली तेव्हाही हा साधेपणा टिकून होता. पुढे मात्र गाडीचे रूप कायद्यांनी पालटले. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जकात बसवली, त्याचा वचपा म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर लावला. तो आजही लागू आहे. जपानी कंपन्यांनी काही वर्षे हौद्याविना गाड्या पाठवून आणि हौदा अमेरिकेत जोडून त्यातून वाट काढली. १९८० साली तीही बंद झाली.

दुसरीकडे धुराचे नियम कडक झाले. वजनदार गाड्यांना त्यातून सूट होती, म्हणून फोर्डने १९७५ साली त्या वजनगटात बसणारी ‘एफ-१५०’ आणली. त्यात ग्राहकांना एसी, पॉवर स्टिअरिंग, चार दारे हवी झाली आणि कामाची गाडी कुटुंबाची झाली.

महाराष्ट्रात मात्र पिकअप कामातच राहिली. मुंबईत विलीज जीपची जुळणी करून वाहनांच्या धंद्यात उतरलेल्या महिंद्राची बोलेरो पिकअप आजही लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरांच्या रांगेत कांदा घेऊन उभी असते.

साध्या गाडीसाठी अमेरिकेतले काही शेतकरी आता जपानचे जुने, छोटे ६६० सीसी ‘केई’ ट्रक आयात करतात. गाडी २५ वर्षांची झाली की तिथल्या केंद्रीय सुरक्षा नियमांतून तिला सूट मिळते. टोयोटाने २०२३ साली थायलंडमध्ये ४,५९,००० बाथपासून ‘हायलक्स चॅम्प’ आणली. तिच्या सपाट हौद्यावर मालकाने हवे ते बसवावे, यासाठी बोल्टची भोके आधीच पाडलेली आहेत. २०२५ साली ‘स्लेट’ या अमेरिकी कंपनीने हाताने काच फिरवायची विजेवरची पिकअप जाहीर केली.

जुन्या पिकअपमध्ये एअरबॅग नव्हत्या, सुरुवातीला सीटबेल्टही नव्हते, आणि धूर भरपूर होता. ती जशीच्या तशी परत येऊ नये, हेच बरे. पण साध्या पान्यांनी उघडता येणारी आणि मालकाला समजणारी गाडी बनवणे आजही अशक्य नाही. कंपन्यांनी ती बनवावी, आणि घेणाऱ्यांनी शोरूममध्ये स्क्रीन किती इंचांची हे विचारण्याआधी बॉनेट उघडून पाहावे.