गुलामांची साक्ष

अमेरिकेच्या दक्षिण भागांतील मळेवाल्यांच्या दप्तरांत गुलामाचें नांव, वय आणि किंमत नोंदलेली असे. मालक वारला म्हणजे वांटणीच्या वेळीं माणसें आणि गुरेंढोरें एकाच यादींत मोजलीं जात. गोऱ्याविरुद्ध गुलामाची साक्ष तेथील न्यायालयांत ग्राह्य नव्हती. आणि कित्येक राज्यांत त्याला अक्षरओळख करून देणें हाच गुन्हा होता. अशा माणसाचा इतिहास मालकाच्या लेखणीनेंच लिहिला जावा, यांत नवल तें काय?

ही स्थिति पालटली ती दास्यांतून सुटलेल्यांच्या आत्मचरित्रांनीं. फ्रेडरिक डग्लस याला बाल्टिमोर येथें मालकिणीनें मुळाक्षरें शिकविलीं. मालकानें तें बंद पाडलें, तेव्हां रस्त्यांतील गरीब गोऱ्या मुलांना पावाचे तुकडे देऊन त्यानें पुढील धडे मिळविले. १८३८ सालीं तो पळून उत्तरेंत आला. त्याचें वक्तृत्व ऐकून लोक म्हणूं लागले कीं, हा कधीं गुलाम नव्हताच. १८४५ सालीं बोस्टन येथें निघालेल्या आत्मचरित्रांत त्यानें मालकांचीं नांवें आणि गांवें उघड सांगितलीं. त्यामुळें पुन्हां पकडलें जाण्याचें भय उत्पन्न झालें व त्याला इंग्लंड-आयर्लंड गांठावें लागलें. १८४६ सालीं तेथील मित्रांनीं पैसे भरून त्याची कायदेशीर मुक्तता केली. पलायनाचा मार्ग मात्र त्यानें त्या ग्रंथांत सांगितला नाहीं. मागून येणाऱ्यांची वाट बंद होऊं नये, हा त्याचा हेतु होता.

नॉर्थ कॅरोलिनांतील हॅरिएट जेकब्स हिची कथा याहून करुण आहे. मालकाच्या पापी दृष्टीपासून सुटण्यासाठीं ती आजीच्या घरीं, ताठ उभें राहतां येणार नाहीं अशा माळ्यावर, सुमारें सात वर्षें लपून राहिली. तिचें पुस्तक १८६१ सालीं टोपणनांवानें प्रसिद्ध झालें. पुढें पुष्कळ विद्वानांनीं तें कादंबरी समजून बाजूस सारलें. १९८१ सालीं जीन फेगन येलिन यांनीं जेकब्सच्या पत्रांवरून तिचें कर्तृत्व सिद्ध केलें, तेव्हां कोठें तिची साक्ष मान्य झाली!

मालकाच्या वहीवर विद्वानांचा विश्वास चटकन् बसला. गुलामाच्या शब्दाला मात्र शतकाहून अधिक काळ तिष्ठावें लागलें. वहीवरून माणसाची किंमत कळते. ती किंमत ऐकतांना त्या माणसाच्या मनांत काय आलें, तें त्यानें स्वतः लिहिल्यावांचून कळावयाचें नाहीं.