करावरील उपरोध : पोवाडा आणि रॉक

महात्मा जोतीराव फुले यांनी 1869 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला; त्याच वर्षी ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ हा दुसरा पोवाडाही प्रसिद्ध केला. डफ-तुणतुण्याच्या साथीने वीरांचे गुणगान करणारा हा गानप्रकार अमरावती-अकोल्याच्या खेड्यांनाही परिचित आहे. दुसऱ्या पोवाड्यात फुल्यांनी वीराच्या जागी विद्याखात्याचा हिशेब मांडला : कर कुणबी-माळ्यांनी भरावा, शिक्षण मात्र इतरांच्या मुलांनी घ्यावे! बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने 1966 मध्ये ‘टॅक्समन’ हे उपरोधिक रॉक गीत रचले, तेव्हा त्यानेही अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताचा प्रचलित ठेका जवळ केला. त्याची तक्रार धनवंताच्या मिळकतीतून किती घेतले जाते, एवढीच होती. घेतलेले कोणावर खर्च होते, हा फुल्यांचा प्रश्न अधिक अवघड. 1882 मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी तोच गद्यात मांडला.